तांदळाएवढा पोचा

आगाशीहून अर्नाळ्याला जाणाऱ्या रस्त्यावर मामांचं सायकलचं दुकान होतं. हाताखाली त्यांचा सतरा वर्षांचा भाचा होता. पंक्चर, ब्रेक, गिअर ही कामं तो डोळे मिटून करायचा. फोर्क, म्हणजे पुढच्या चाकाचा चिमटा, मात्र मामा स्वतः उघडायचे. भाचा शेजारी बसून पाने द्यायचा, चिंध्या द्यायचा आणि बघत राहायचा.

भिंतीवर पान्यांच्या रांगेच्या वर बांबूचं एक काळपट नळकांडं टांगलेलं होतं. मामांच्या आजोबांची बैलगाडी होती. वाडीतली केळी आणि भाजी त्या गाडीतून विरार स्टेशनला जायची, आणि आसाला द्यायचं एरंडेलाचं वंगण या नळकांड्यात असायचं. गाडी कधीच मोडीत निघाली. नळकांडं मामांनी जपलं होतं आणि दर दसऱ्याला पान्यांबरोबर त्यालाही झेंडूचं फूल वाहिलं जायचं.

मामांनी दुकान टाकलं तेव्हा अॅटलासच्या आणि हीरोच्या काळ्या सायकली यायच्या. धक्का सोसायला त्यांच्या सीटखाली दोन स्प्रिंगा असत, उरलेला धक्का चालवणाऱ्याची मनगटं सोसत. पुढे चिमट्यातच शॉकअप असलेल्या सायकली आल्या. १९८९ मध्ये अमेरिकेत रॉकशॉक्स या नव्या कंपनीने आरएस-१ नावाचा फोर्क बनवला, त्यानंतर डोंगरात सायकल चालवण्याची रीतच बदलली. ती रीत आगाशीच्या रस्त्यापर्यंत यायला बरीच वर्षं लागली. पण आली तेव्हा मामांनी चाळिशी लावून कंपन्यांच्या पुस्तिका वाचल्या आणि ते काम शिकून घेतलं.

पाऊस संपला की फोर्कांची रांग लागायची. वसई-विरारची सायकलवाली मंडळी पावसात तुंगारेश्वरला जातात. महामार्गावर सातिवलीजवळ आत वळलं की देवळाच्या वाटेवर ओढे आडवे येतात. त्या पाण्याबरोबर बारीक वाळू फोर्काच्या तोंडाशी जाऊन बसते. कुणी राजोडी-कळंबच्या किनाऱ्यावर फिरतात, त्यांच्या सायकलींना खारी हवा लागते.

त्या वर्षी कार्तिकात शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंची सायकल आली. भाच्याला त्यांनीच शिकवलं होतं. दहावीच्या वर्षी त्याचे वडील आजारी पडले तेव्हा शाळा सुटल्यावर थांबून त्यांनी त्याचा अभ्यास घेतला होता.

"रविवारी तुंगारेश्वरला जायचंय," बाई म्हणाल्या. "फोर्क खाली जातो, पण अडखळत जातो. लहान खड्डा त्याला कळतच नाही."

मामांनी आणि भाच्याने मिळून फोर्क उघडला. आधी वरच्या झडपेतून सगळी हवा सोडली. खालचे दोन बोल्ट थोडे सैल करून त्यांच्यावर रबरी हातोडीने टोले दिले, मग बोल्ट काढून खालचे पाय ओढून घेतले. आतून काळं, चिकट पाणी ओघळलं.

"बघ," मामा म्हणाले, "या दोन चकचकीत नळ्या पायांत वरखाली सरकतात. पायांच्या तोंडाशी हे रबराचे वायपर. बाहेरची धूळ बाहेर ठेवायची आणि आतलं तेल आत, एवढं त्यांचं काम. वायपरखाली फोमची कडी, ती तेल पिऊन नळी ओली ठेवते. त्याखाली बुश. तळाला तेल अगदी थोडं, काही फोर्कांत जेमतेम १० मिलिलिटर. एवढ्याशा तेलावर सगळी चाल. म्हणून पुस्तिकेत लिहिलेलं असतं, कुठल्या फोर्कला ५० तास चालवल्यावर पाय उघडा, कुठल्या फोर्कला १२५ तासांनी. लोक तीन पावसाळे उघडत नाहीत."

डाव्या नळीतला हवेचा दट्ट्याही त्यांनी बाहेर काढला. त्याच्यावरचं रबर झिजलं होतं.

इतक्यात मामींचा निरोप आला. निर्मळची यात्रा दोन दिवसांवर होती. मामी दर वर्षी तिथे सुकेळी विकायला बसत, आणि मांडव घालायला माणूस हवा होता. मामा हात पुसत उठले.

"नवे वायपर आहेत, फोमच्या कड्या आहेत, तेल आहे. फोर्कचं ग्रीस तेवढं संपलंय, परवा कुरियरने येईल. मी शनिवारी संध्याकाळी येतो, मग भरू. तोवर सगळं स्वच्छ फडक्यात गुंडाळून ठेव."

भाच्याने मान हलवली. पण मनात त्याने ठरवलं, मामा येण्याआधी बाईंचा फोर्क तयार करून ठेवायचा. बाईंचं काम आपल्या हातून व्हावं, असं त्याला फार वाटत होतं.

त्याच दुपारी महामार्गावर कंटेनर चालवणारे एक काका मुलाची सायकल घेऊन आले. उघडा फोर्क बघून म्हणाले, "ग्रीससाठी अडलास होय? थांब." गाडीतून त्यांनी डबा आणून दिला. आत तपकिरी, घट्ट ग्रीस होतं. "चाकाच्या हबमध्ये हेच घालतो. एवढा बोजा घेऊन गुजरातेत जातो, परत येतो, बेअरिंगला काही होत नाही. तुझ्या सायकलचं वजन ते काय?"

भाच्याला पटलं. त्याने वायपरच्या ओठांत ते ग्रीस भरलं, पाय चढवले आणि हँडल दाबून पाहिलं. फोर्क हललाच नाही. आणखी जोर दिला तेव्हा एकदम धसकन खाली गेला. पुन्हा हळू दाबलं, पुन्हा तेच. आधी हटून बसायचा, मग उडी मारायचा. बाईंची तक्रार दुप्पट झाली होती. त्याने पाय काढले आणि सगळं पुसलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अर्नाळ्याचे एक वृद्ध नाखवा नातवाची ट्यूब बदलायला आले. गोष्ट ऐकून हसले. "अरे पोरा, ओढ्याच्या पाण्याला घाबरतोस? आमचा बोटीचा दांडा दिवसरात्र खाऱ्या पाण्यात फिरतो." दुपारी त्यांनी नातवाच्या हाती बोटीच्या ग्रीसचा गोळा पाठवला. कॅल्शियमच्या साबणाचं ते ग्रीस भाच्याने बोटावर घेऊन नळाखाली धरलं. पाणी मण्यांसारखं ओघळून गेलं आणि ग्रीस तसंच राहिलं.

त्याने तेही वापरलं. या वेळी फोमच्या कडीलाही चोपडलं, म्हणजे पाण्याला कुठूनच शिरता येणार नाही. मग तळातून तेल ओतलं आणि फोर्क पुन्हा पुन्हा दाबला. नळ्यांवर तेलाची ओल दिसेना. पाय उघडून पाहिले तर फोमची छिद्रं ग्रीसने बुजली होती. जिने तेल प्यायचं, तिचं तोंडच बंद झालं होतं.

भाचा रडकुंडीला आला. नव्या कड्यांची एक जोडी वाया गेली होती. वायपर तरी वाचावेत म्हणून त्याने वाटीत पेट्रोल घेतलं आणि ते त्यात टाकणार, एवढ्यात शेजारच्या काकांनी हाक मारली. हे काका वालीवच्या एका गाळ्यात रबराचे सुटे भाग करत. दिवसपाळी करून नुकतेच घरी आले होते.

"काय धुतोयस?"

"वायपर, काका. चिकट झालेत."

"कशात?"

"पेट्रोलमध्ये."

काका चपला न काढताच आत आले आणि त्यांनी वाटी बाजूला सरकवली. "रबराला आधी विचारलंस का, तू कोण म्हणून?"

त्यांनी खिशातून एक काळी ओ-रिंग काढली. पिशवीला लावलेलं रबरबँड सोडलं. दोन झाकणांत रॉकेल घेतलं आणि एकात रबरबँड, दुसऱ्यात ओ-रिंग टाकली. "उद्या सकाळी बघ. आता नुसतं ऐक."

पायरीवर बसून काकांनी त्याला समजावलं. "ग्रीस म्हणजे साबणाच्या जाळीत धरून ठेवलेलं तेल. स्पंज पाणी धरतो तशी ती जाळी तेल धरते. साबण लिथियमचा असेल, कॅल्शियमचा असेल, तसे त्याचे गुण. घट्टपणाला नंबर असतात. २५ अंश तापमानाला धातूचा शंकू ग्रीसवर सोडायचा आणि पाच सेकंदांत तो किती रुतला ते मोजायचं. २ नंबरच्या ग्रीसमध्ये तो २६.५ ते २९.५ मिलिमीटर रुततो, शून्य नंबरमध्ये ३५.५ ते ३८.५. ट्रकच्या हबमध्ये बहुतेक २ नंबर असतं. तिथे ते बरोबरच आहे. बेअरिंगमधून ते गळून जायला नको, पोलादाच्या गोळ्यांवर टिकायला हवं. तुझ्या फोर्कात मात्र रबराचा पातळ ओठ नळीवरून सरकतो, आणि तोही हाताच्या हलक्या दाबाला सरकायला हवा. तिथे घट्ट ग्रीस चिकटून बसणारच."

"आणि बोटीचं?"

"नाखवांचं ग्रीस उत्तमच. ते हट्टाने जागा धरून बसतं, बोटीच्या दांड्याला तेच हवं. फोर्काच्या आत जे ग्रीस सुटतं ते तळाच्या तेलात मिसळतं. तिथे हट्टी ग्रीस कामाचं नाही, तेलाशी जुळवून घेणारं मऊ ग्रीस हवं."

"मग आत्ता हे वायपर कशाने पुसू?"

"आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सुटणारं फडकं. आणि एक लक्षात ठेव, दोन ग्रीसं एकावर एक चढवायची नाहीत. सगळ्या साबणांचं एकमेकांशी पटत नाही. काही जोड्या मिसळल्या की जाळी तुटते आणि तेल वाहून जातं. जुनं पूर्ण काढ, मगच नवं लाव."

शनिवारी सकाळी भाचा धावतच झाकणांपाशी गेला. रबरबँड फुगून गलेलठ्ठ झालं होतं, उचलताच तुटलं. ओ-रिंग होती तशीच होती.

"रबरबँड नैसर्गिक रबराचं," काका म्हणाले. "ओ-रिंग नायट्राइलची. खनिज तेलापुढे नायट्राइल टिकतं, नैसर्गिक रबर टिकत नाही. फोर्कांची सीलं बहुतेक नायट्राइलची असतात, म्हणून त्यांना तेलाचं ग्रीस चालतं. पण पेट्रोलमध्ये बुडवलंस तर तीही फुगतात. आणि ज्या ब्रेकांत डॉट फ्लुइड असतं, त्यांची सीलं ईपीडीएमची. फोर्काचं हेच चांगलं ग्रीस तिथे लावलंस तर ती फुगून ब्रेक अडकेल. ग्रीस वाईट नव्हतं पोरा, जोडी चुकली."

दुपारी कुरियरवाला डबी देऊन गेला. झाकण उघडलं तर आत मधासारखं मऊ ग्रीस. बोटाला लावलं की आपोआप पसरायचं. कंटेनरवाल्या काकांचा अख्खा डबा जेवढ्याला, त्याहून या डबीची किंमत जास्त होती.

आता चूक होणं शक्यच नव्हतं. नव्या कड्या त्याने तेलात भिजवून बसवल्या, वायपरच्या ओठांना हे ग्रीस लावलं आणि हवेच्या दट्ट्याला नवं रबर घातलं. दट्ट्या आत सरकवण्याआधी टॉर्च मारून नळीत पाहिलं, तर आतल्या गुळगुळीत भिंतीवर एके ठिकाणी तांदळाच्या दाण्याएवढा पोचा दिसला.

त्याच्या पोटात गोळा आला. बाईंच्या नळीला पोचा पडला होता. कुठे आपटली असेल? की परवा उघडताना आपल्याच हातून काही झालं? दट्ट्या या पोच्यावरून गेला की रबर कापणार, असं त्याला वाटलं. मग एक उपाय सुचला. त्याने लांब काडीच्या टोकावर ते महागडं ग्रीस घेतलं आणि पोचा काळजीपूर्वक भरून काढला, गवंडी भिंतीची खाच भरतो तसा. वर आणखी दोन बोटं ग्रीस नळीत सगळीकडे फिरवलं. बाईंच्या फोर्कला काही कमी पडायला नको होतं.

फोर्क जोडला आणि पंपाने १०० पौंड हवा भरली. दाबून पाहिलं तर चाल लोण्यासारखी होती. भाच्याचा चेहरा उजळला. मग आठवलं, बाई वजनाने हलक्या आहेत, त्यांना एवढी हवा नको. त्याने झडप दाबून हवा ६० वर आणली, आणि त्याच्या डोळ्यांदेखत फोर्क आपसूक खाली बसला. ओढला तर वर येईना. आत कुणीतरी त्याला धरून ठेवल्यासारखा.

संध्याकाळी मामा आले तेव्हा दुकानात दिवा लागलेला नव्हता. भाचा सायकलीसमोर मांडी घालून बसला होता. त्याने काही लपवलं नाही. ट्रकचं ग्रीस, बोटीचं ग्रीस, वाया गेलेल्या कड्या, पेट्रोलची वाटी, आणि तो पोचा. सगळं सांगून शेवटी म्हणाला, "मामा, मी तो भरलाही. तरी असं झालं."

मामांनी सुकेळ्यांची पुडी बाकावर ठेवली आणि दिवा लावला. झडप उघडून त्यांनी उरलेली हवा सोडली, फोर्क ओढून धरत आत अडकलेली हवाही सावकाश मोकळी होऊ दिली, आणि मगच तो उघडला. ग्रीस पुसून त्यांनी टॉर्च भाच्याच्या हाती दिला.

"हा पोचा कुणी पाडला असेल?"

"आपटून पडला असेल."

"बनवणाऱ्याने पाडलाय. मुद्दाम."

भाचा बघतच राहिला.

"दट्ट्याच्या वर हवेची एक खोली," मामा म्हणाले. "तिची हवा फोर्कला वर ढकलते. दट्ट्याच्या खाली दुसरी खोली, तिची हवा त्याला खाली ओढते. दोघींचा तोल असेल तरच फोर्कला लहान खडासुद्धा कळतो. आता हवा भरायची झडप एकच, वरच्या खोलीला. खालच्या खोलीत हवा जाणार कशी? दट्ट्या या पोच्यावरून जातो तेव्हा क्षणभर रबराच्या बाजूने वाट मोकळी होते. त्या वाटेने दोन्ही खोल्या एकमेकींशी बोलतात. म्हणून तर हवा भरली की फोर्क आठदहा वेळा सावकाश दाबायचा असतो. तू पहिल्यांदा दाबलास तेव्हा थोडी वाट शिल्लक होती, खालीही हवा गेली. मग नळीतलं जास्तीचं ग्रीस दट्ट्याने ओढून त्या पोच्यात आणखी घट्ट बसवलं. तू वरची हवा कमी केलीस, खालची बाहेर पडू शकली नाही. वर ६०, खाली त्याहून कितीतरी जास्त. फोर्क बसणारच."

"मला वाटलं तो दोष आहे."

"वाटणारच. गुळगुळीत भिंतीवर एकच पोचा. चूक माझीही आहे. इतकी वर्षं माझ्या शेजारी बसतोस, मी तुला पाने मागितले, पण आत वाकून बघ असं कधी म्हटलं नाही."

मग त्यांनी भिंतीवरचं नळकांडं काढून भाच्याच्या मांडीवर ठेवलं. "याचं तोंड बघ. बोटसुद्धा जात नाही. आजोबा यात काडी बुडवायचे आणि आसाला तेवढंच वंगण द्यायचे. मी लहान होतो, मला वाटायचं म्हातारा कंजूष आहे. एकदा विचारलं, तर म्हणाले, जास्त वंगणाला धूळ चिकटते, आणि धूळ आस खाते. वंगण देण्याआधी तीन गोष्टी विचारायच्या, असं ते सांगायचे. जागा कुठली, कशाच्या आणि कशाच्या मधे, आणि किती. ट्रकवाल्या काकांनी त्यांच्या जागेचं खरं ते सांगितलं. नाखवांनी त्यांच्या जागेचं. दोघंही खोटं बोलले नाहीत. तू त्यांना ग्रीस मागितलंस, पण आपली जागा त्यांना दाखवली नाहीस."

"आणि हे शेवटचं तर बरोबर होतं ना?"

"जात बरोबर होती. माप मायेच्या भरात चुकलं."

त्या रात्री फोर्क भाच्यानेच भरला. मामा शेजारी बसून पाने देत होते. दट्ट्याच्या रबरावर पातळ, चमक दिसेल एवढंच ग्रीस. पोचा त्याने फडक्याने दोनदा पुसून कोरडा केला. वायपरच्या ओठांत एक बोट फिरवलं, फोम तेलाने ओला, तळाला मोजून तेल. हवा भरली, फोर्क सावकाश दहा वेळा दाबला, मग माप घेतलं. हँडलवर तळहात नुसता टेकवला तरी फोर्क दबत होता.

रविवारी उन्हं वर आल्यावर बाई तुंगारेश्वरहून परतल्या. सायकलीला चिखल होता, नळ्यांवर तेलाची बारीक कडी उमटली होती. "रस्त्यावरचा गोटान् गोटा कळला," त्या म्हणाल्या, "पण एकही लागला नाही. कुणी केलं काम?"

मामांनी भाच्याकडे बोट दाखवलं. भाचा म्हणाला, "बाई, खूप जणांनी."

दुसऱ्या दिवशी त्याने फळीवर तीन डबे मांडले. कंटेनरवाल्या काकांचं ग्रीस चाकांच्या छऱ्यांना लागलं. नाखवांचं ग्रीस किनाऱ्यावर राहणाऱ्यांच्या सायकलींच्या बोल्टांच्या आट्यांना आणि सीटच्या लोखंडी दांडीला लागलं, खाऱ्या हवेत ती गंजून अडकायची थांबली. मधासारखी डबी फोर्कसाठी राहिली. तीनही डब्यांवर त्याने चिठ्ठ्या चिकटवल्या. त्यांवर ग्रीसचं नाव नव्हतं, किंमत नव्हती, फक्त जागा लिहिली होती. आणि मामांनी काही न बोलता फोर्काचे पाने भाच्याच्या बाजूच्या खिळ्याला टांगले.

तात्पर्य : आपुलकी हेही वंगणच आहे. ती देण्याआधी जागा ओळखावी, माप ओळखावं, आणि दुसऱ्याच्या ठायी दिसणारा पोचा भरून काढण्याआधी तो दोष आहे की वाट, हे वाकून पाहावं.